पाण्याचा गडी

डकोटातल्या ऑर्डाल गावच्या स्टोरलँड कॉलेजनं धावण्या-फेकण्यात कधी मोठं नाव काढलं नाही, पण एका गोष्टीचा गावाला भारी ताठा होता. पुरुषांच्या मैदानी स्पर्धांत, आमच्या विभागातल्या कॉलेजांमध्ये, स्टोरलँड कधीही शेवटचं आलं नव्हतं. शेवटून दुसरं पुष्कळदा आलं. एकदा वरून तिसरंही आलं. त्याची पितळी ढाल अजून जेवणघराबाहेर लटकते आहे आणि पोरं तिच्यावर टोप्या अडकवतात. पण शेवटचं नाही. धान्याच्या कोठारापाशी, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही विषय निघाला की कोणीतरी म्हणणारच, "काही म्हणा, शेवटचे कधी आलो नाही आपण."

हे जमत कसं होतं, ते मात्र कोणी मोठ्यानं बोलत नसे. ते जमायचं स्टीपलचेसमुळे. मैदानाला सात फेऱ्या आणि वर थोडं, वाटेत जाडजूड लाकडी अडथळे, आणि दर फेरीत एका अडथळ्याच्या पलीकडे पाण्यानं भरलेला खड्डा. ही शर्यत धावायला सहसा कोणी राजी नसतं. सगळ्या विभागातून मोजके जण उभे राहायचे, आणि जितके धावणारे तितक्या सगळ्या नंबरांना गुण. म्हणजे जो उभा राहील आणि शर्यत पुरी करील, मग तो रांगत का येईना, त्याला शेवटच्या नंबराचा एक गुण ठरलेला. त्या एका गुणावर स्टोरलँड कोणाच्या ना कोणाच्या पुढे राहायचं. म्हणून दर वसंतात कोच एक पोरगा पकडायचे. चांगले धावणारे दुसऱ्या शर्यतींना लागायचे. इथं लागायचा तो रिकामा, भिडस्त, नाही म्हणता न येणारा. त्याला सगळे पाण्याचा गडी म्हणायचे. कॉलेजची लाज राखायला दर साली एका पोराची लाज पाण्यात घालायची, असा हा आमचा क्रीडेचा इतिहास आहे.

अर्लिन ट्वेट हा अशाच एका वसंतातला पाण्याचा गडी. आता तो साठी ओलांडलेला, उंच, जरा वाकलेला, मोजकं बोलणारा माणूस आहे. सहकारी धान्य कोठाराचा व्यवस्थापक म्हणून त्यानं जन्म काढला आणि कोणाच्या वजनात ओंजळभर फरक केला नाही, म्हणून शेतकरी त्याला मानतात. असा सरळ माणूस एका शर्यतीपायी आयुष्यभर शरमेत राहिला, हे सांगून कोणाला पटायचं नाही. पण तसं होतं खरं.

तेव्हाचे कोच होते हार्लो नीहुस. त्यांनी अर्लिनला जेवणघराच्या रांगेत गाठलं, ताटात बटाट्याचा लगदा पडत असताना.

"तू तो गाणारा ना? खर्जातला?"

"हो, कोच."

"म्हणजे छाती आहे. शनिवारी मोकळा आहेस?"

"शनिवारी गाण्याची तालीम..."

"मोकळा आहेस," असं म्हणून कोचनी त्याच्या ताटातला पाव उचलला आणि खात खात पुढच्या टेबलाकडे गेले. झाली निवड.

पोराला काय, आनंदच झाला. त्यानं घरी फोन केला आणि सांगितलं, मला संघात घेतलंय. बाप, इंगवाल्ड ट्वेट, मक्याच्या पेरणीत बुडालेला. पेरणीच्या दिवसांत तो माणूस कोणाच्या मयतालाही जात नसे. पण त्या शनिवारी पेरणीयंत्र शेतात उभं करून, स्वच्छ धुतलेला सदरा घालून, तो मैदानावर आला आणि सगळे जिथं जमले होते तिथं, खड्ड्यापाशी, जाऊन उभा राहिला. आमच्याकडे स्टीपलचेस बघायला फारसं कोणी बाकांवर बसत नाही. घडीच्या खुर्च्या घेऊन लोक पाण्याच्या खड्ड्याभोवती बसतात. का बसतात ते उघड आहे.

अर्लिन पहिल्या फेरीला पडला तेव्हा बँडमधल्या एका पोरानं ट्रम्पेटवर एक लांब, घसरता सूर काढला. मग तो पडेल तेव्हा तेव्हा तो सूर निघू लागला, आणि तो दर वेळी पडला. एकदा तोंडावर, एकदा बसका, एकदा अडथळ्यावरच अडकून कपडे वाळत घातल्यासारखा लोंबला आणि मग पडला. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणं चाललं होतं. आणि त्या हसण्यात अर्लिनला एक आवाज वेगळा ऐकू आला. तो त्यानं पूर्वी कधी ऐकला नव्हता, म्हणून आधी ओळखला नाही. त्याचा बाप हसत होता. ज्या माणसाचे दात लग्नाच्या फोटोतही दिसत नाहीत, तो मांडीवर थापा मारून हसत होता. शर्यत संपल्यावर ट्रकपाशी भेटला तेव्हा इंगवाल्डचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "चांगलं पाणी उडवलंस," एवढं म्हणाला आणि पेरणीला निघून गेला.

त्या गुणावर कॉलेज शेवटून दुसरं आलं. वर्षअखेरच्या जेवणात कोच नीहुसनी अर्लिनला पुढं बोलावून लोकरी कापडाचं ते मोठं अक्षर दिलं, कॉलेजच्या नावाचं पहिलं, जे कॉलेजसाठी गुण मिळवणारा पोरगा आपल्या कोटावर शिवतो आणि मग म्हातारपणीही तो कोट टाकत नाही. कोच म्हणाले, "हा गडी स्वतः बुडाला, पण आपल्याला बुडू दिलं नाही." पोरांनी टेबलं बडवली. मागून कोणीतरी तोंडानंच ट्रम्पेट वाजवला. अर्लिननं हसरं तोंड करून ते अक्षर घेतलं, खोलीवर नेलं आणि मोज्यांच्या खणात तळाशी घातलं. कोटावर ते त्यानं शिवलंच नाही.

लग्नानंतर घर लावताना मार्डेलला ते सापडलं. मार्डेल शेजारच्या मिनेसोटा राज्यातली. बोलकी, उत्साही, नवऱ्याचं कौतुक करायला निमित्त शोधणारी. नवरा बोलत नाही म्हटल्यावर त्याच्या वाटचंही तीच बोलायची.

"हे कसलं रे?"

"ट्रॅकचं."

"तू धावायचास? आणि मला सांगितलं नाहीस?"

"लांब पल्ल्याचं. स्टीपलचेस."

यात खोटा शब्द एकही नव्हता. म्हणूनच पुढं काही बोलता येईना. मार्डेलनं ते आपल्या आईला सांगितलं, चर्चमधल्या बायकांना सांगितलं, मुलं झाल्यावर मुलांना सांगितलं. दर साली नवा गडी पडायचा, त्यात जुना फारसा कोणाच्या लक्षात राहिला नव्हता, आणि ज्यांच्या होता ते तिच्यासमोर काढत नसत. मुलगा शाळेत धावायला लागला तेव्हा, "बाबांचं रक्त आहे" म्हणाली. अर्लिन तेव्हा जेवत होता. त्यानं मान खाली घातली ती ताटातलं संपेपर्यंत वर केली नाही. बायकोला वाटलं, किती विनयशील आहे माझा नवरा. विनयच म्हणायचा तो. तोंड लपवायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

कोठारात कामाला लागल्यावर काही वर्षांनी कॉलेजला स्पर्धेसाठी पंच हवे होते. अर्लिननं आपण होऊन पाण्याची जागा मागितली. सगळ्यांना वाटलं, जुना धावपटू, हौस आहे. हौस कसली. तिथं हातात पिवळं निशाण घेऊन उभा राहिलं की नियमभंगावर नजर ठेवायची असते: कोणी खड्डा चुकवून बाजूनं गेला, कोणी कोणाला ढकललं, कोणी बाहेरच्या माणसाची मदत घेतली, की निशाण वर. नव्या पंचांना तो स्वतःच शिकवायचा, "पोरगा पाण्यात बसून रडला तरी हात लावायचा नाही. हात लावलात की तो बाद." एवढं काम. पण अर्लिनला तिथं उभं राहायचं होतं ते दुसऱ्याच कारणानं. त्या सगळ्या हसणाऱ्या तोंडांत एक तोंड तरी न हसणारं असावं. दर वसंतात नवा गडी पडायचा, लोक हसायचे, आणि अर्लिन दगडासारखा उभा राहायचा. निदान मी हसत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं आपलं मन कसंबसं राखलं होतं.

मग कॉलेजनं ठरवलं की पुरुषांचा मैदानी संघ बंद करायचा. पोरंच येत नव्हती. मुलींचा संघ चालू राहणार, मुलग्यांचा या वसंतात संपणार. शेवटची विभागीय स्पर्धा नेमकी आमच्याच मैदानावर होती. नवे कोच, ट्रॅव्हिस बोल्टर, सगळीकडे तेच सांगत फिरत होते, "जिंकायचं काही नाही आता. पण शेवटचं येऊन संपवायचं नाही." गावाचंही तेच म्हणणं होतं. आणि हिशेब नेहमीसारखाच येत होता: बाकी सगळं जमलं तरी एक गुण कमी पडत होता.

या खेपेला बोल्टरनी पकडला टॅनर व्हिसर. हातोडाफेकीचा पोरगा, दूधवाल्या शेतकऱ्यांच्या घरचा, दारातून तिरका होऊन आत येणारा. लहान मुलांचा शिक्षक व्हायला शिकत होता. स्पर्धेच्या दोन दिवस आधी सरावाच्या वेळी मार्डेल पोरांसाठी शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्या घेऊन मैदानावर गेली, अर्लिन बरोबर होताच. बोल्टरनी त्याला हाक मारली.

"अर्लिन, तुम्ही धावलाय ना ही शर्यत? मार्डेल नेहमी सांगतात. याला जरा पाण्याची उडी दाखवा की."

टॅनर अडथळ्यापाशी उभा होता. अडथळा त्याच्या कमरेला आणि भीती गळ्याला आलेली. अर्लिन म्हणाला, "पाय वर टेकव आणि लांब बघ. पाण्यात बघायचं नाही."

"आणि पडलो तर?"

"उठायचं."

"लोक हसतात ना हो, मिस्टर ट्वेट?"

"लोक चांगले आहेत आपले," अर्लिन म्हणाला.

पोरानं मान हलवली. मग विचारलं, "तुम्ही किती वेळा पडला होता?"

मार्डेल वड्यांचा डबा धरून तिथंच उभी होती. नवऱ्याकडे कौतुकानं बघत होती. खरं सांगायला यापेक्षा चांगली वेळ कधी येणार नव्हती. समोर एक पोरगा होता ज्याला ते ऐकायची गरज होती. अर्लिनच्या जिभेवर शब्द आलेही असतील. पण तोंडातून निघालं ते असं:

"मी नाही पडलो."

"बघ," मार्डेल टॅनरला म्हणाली, जणू तीच उडी मारून आली होती, "पाय नेमका पडला की झालं. वडी घे."

त्या रात्री अर्लिनला जेवण गेलं नाही. चाळीस वर्षं तो नुसता गप्प होता. गप्प राहणं वेगळं. आज त्यानं एका पोराला तोंडावर खोटं सांगितलं होतं, आणि तेही कशासाठी, तर स्वतःचं जुनं ओलं अंग झाकायला. मार्डेलला वाटलं, याचा संघ बंद होतोय म्हणून जिवाला लागलंय. ती त्याच्यासाठी सूप घेऊन आली. ते तर त्याला अजिबातच गिळवेना.

स्पर्धेच्या दिवशी डकोटातला नेहमीचा वारा होता. खड्ड्याभोवती खुर्च्या मांडल्या गेल्या. अर्लिनच्या शेजारी ड्वेन ओपडाल होता, पोरवयापासूनचा मित्र, पाण्यावरचाच दुसरा पंच. कॉफीचा थर्मास पायाशी ठेवून तो म्हणाला, "या व्हिसरला बघून घे. खड्ड्यातलं पाणी पुन्हा भरावं लागणार."

"गप रे," अर्लिन म्हणाला.

बंदूक वाजली. बाकीचे सात जण हरणांसारखे येऊन गेले. मग एकटा टॅनर आला. आल्या वेगानं तो अडथळ्यावर चढला, आणि चढल्यावर तिथंच थांबला. दोन्ही पाय फळीवर, दोन्ही हात पसरलेले, आणि तोंडावर असा भाव की आता इथून उतरायचं कसं हे कोणीतरी सांगावं. म्हैस माळ्यावर चढली तर कशी दिसेल, तसा दिसला. क्षणभर तोल सावरला आणि मग सबंध, आडवा, पाठीवर पडला. पाणी उडून पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या कॉफीत गेलं.

अर्लिन हसला.

हसू आलं, असं नव्हे. हसला. पोटातून, मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर आला, आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. ऐन पेरणी सोडून आलेल्या माणसाचा होता तो. हसण्याला आवर घालेपर्यंत टॅनर पाण्यातून उठून उभा राहिला होता, केसांतून पाणी गळत होतं, आणि तो दुसऱ्या कोणाकडे न बघता अर्लिनकडे बघत होता. रागानं नव्हे. ज्याला आपण विचारून आलो त्याच्याकडे माणूस जसा बघतो, तसा. मग तो पळत निघून गेला.

अर्लिनला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. तीस वर्षं दगडासारखा उभा राहिल्याचा सगळा आव त्या एका हसण्यात वाहून गेला. ड्वेननं त्याच्या पाठीत धपका घातला. "शाबास. तू हसू शकतोस म्हणायचा. मला वाटायचं, तुझ्या तोंडाला कुलूपच आहे." अर्लिननं तोंड ट्रॅककडे फिरवलं. त्याचे कान भाजत होते.

टॅनर फेरीमागून फेरी येत राहिला. एकदा पाण्यात बघायचं नाही हे त्याला आठवलं आणि त्या खेपेला तो पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर पुढच्या खेपेला पुन्हा पडला. पुढचे सगळे शर्यत संपवून निघून गेले. शेवटच्या रेषेवरचे पंच पुढच्या शर्यतीची मांडामांड करू लागले. मैदानावर एकटा टॅनर उरला, दोन फेऱ्या बाकी, आणि लाउडस्पीकरवरचा माणूस सांगत होता की हा पुरी करील तर स्टोरलँड शेवटचं येणार नाही. बाकांवरचे लोक उठून उभे राहिले.

त्या फेरीला टॅनरचा पाय फळीवरून घसरला आणि तो अडथळ्याला खेटून, जिथं पाणी सर्वांत खोल असतं तिथं, गुडघ्यांवर पडला. उठला नाही. पाणी छातीपर्यंत होतं. कोणीतरी तोंडानं बदकाचा आवाज काढला, दोघं-तिघं हसले, मग तेही थांबले. टॅनर वर न बघता हळू म्हणाला, "बस. नको आता."

ते अर्लिनला ऐकू आलं. पुढं काय झालं, ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. नियम त्याला पाठ होता. इतरांना तोच शिकवायचा. पण त्याचे पाय पाण्यात गेले, चर्चला घालायचे बूट घालून, आणि त्यानं हात पुढं केला. टॅनरनं हाताकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. मग हात धरला आणि उठला. अर्लिन त्याच्या वजनानं स्वतःच पडता पडता राहिला. "जा," तो म्हणाला, आणि पोरगा गेला.

"अर्लिन, हे काय केलंस तू?" ड्वेन म्हणाला.

अर्लिन गुडघाभर पाण्यात उभा होता. तेव्हा कुठं त्याला कळलं. ज्याला हसलो, त्याला हात द्यायला गेलो, आणि हात देऊन त्याची सगळी शर्यत मातीत घातली. पोरगा तिकडं धावत होता आणि बाद झालेला होता, आणि त्याला बाद करणारा माणूस हाच.

ड्वेननं इकडं तिकडं बघितलं. मुख्य पंच लांब, शेवटच्या रेषेपाशी, पाठ करून उभा होता. खड्ड्याभोवती सगळी आपलीच माणसं होती. ड्वेन वाकून हळू म्हणाला, "कोणी बघितलं नाही. निशाण खालीच ठेव. ऐकतोयस का? शेवटचं वर्ष आहे."

खुर्च्यांवरची माणसंही गप्प होती, पण सगळ्यांचे डोळे तेच सांगत होते. अर्लिननं हातातल्या निशाणाकडे बघितलं. खाली ठेवलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. तो गुण टॅनरला मिळाला असता, वर्षअखेरीला त्याला लोकरी अक्षर मिळालं असतं, आणि त्यानं ते कुठल्यातरी खणात तळाशी घातलं असतं. गुरुवारी या पोराला एक खोटं सांगून झालं होतं. दुसरं सांगायचं बळ अर्लिनच्या अंगात नव्हतं.

त्यानं निशाण वर केलं, आणि मुख्य पंच चालत येईपर्यंत तसंच धरलं.

"काय झालं?"

"धावणाऱ्याला मदत केली."

"कोणी?"

"मी."

मुख्य पंच त्याच्या भिजलेल्या विजारीकडे बघत राहिला. बाहेरगावचा माणूस, कडक म्हणून नाव असलेला. त्यालाही कसंसंच झालं असावं. "तू पंच आहेस," तो म्हणाला.

"हो."

टॅनरनं शर्यत पुरी केली. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. मग लाउडस्पीकरवरच्या माणसाला चिठ्ठी गेली, तो वाचताना अडखळला, आणि मैदान एकदम निवलं. बोल्टरनी टोपी काढून गवतावर आपटली. ती उचलून पुन्हा डोक्यावर घातली आणि अर्लिनच्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि आता कायमचं, स्टोरलँड शेवटचं आलं होतं.

टॅनर हातोडाफेकीच्या जाळीमागं गवतावर बसून बूट काढत होता. अर्लिन तिथं गेला. जाताना त्याच्या बुटांतून पचपच आवाज येत होता आणि लोक बाजूला होत होते.

"माझ्यामुळे तुझा गुण गेला," तो म्हणाला.

"कळलं मला," टॅनर म्हणाला. थोडा वेळ बूट उलटा करून पाणी ओतत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या वेळी तुम्ही हसलात."

"हो."

"बाकीच्यांचं काही नाही. तुम्ही मात्र... जाऊ दे. तुम्ही न पडता धावलेले. तुम्हाला ते तसंच दिसणार."

मार्डेल बाकांवरून उतरून मागोमाग आली होती. हातात टॉवेल होता. अर्लिनला ती दिसली. ती असतानाच त्यानं खोटं सांगितलं होतं, आता तिला जा म्हणता येत नव्हतं.

"मी पडलो होतो," तो म्हणाला. "सगळ्या वेळी. सातही."

टॅनरनं वर बघितलं. "सातही?"

"सातही. सगळे हसले. माझा बापही. मी शेवटचा आलो, आणि गुरुवारी तुला खोटं सांगितलं."

टॅनरच्या हातातला बूट गवतावर पडला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी आवाज आला नाही. मग आला, आणि तो मागं गवतावर आडवा पडून हसला, इतका की जाळीपलीकडचे लोक वळून बघू लागले. अर्लिन त्याच्यासमोर उभा राहून ते सगळं ऐकत होता. कुठं जायला जागा नव्हती, आणि या हसण्याचं देणं त्याच्याकडे लागतच होतं.

"मी पाचच वेळा पडलो," टॅनर डोळे पुसत म्हणाला. "म्हणजे मी काही शेवटचा नाही."

मार्डेल हसली नाही. तिनं टॉवेल टॅनरला दिला आणि मोटारीकडे चालू लागली.

घरी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मार्डेल आणि गप्प, हे अर्लिननं संसारात कधी अनुभवलं नव्हतं. तिनं आईला सांगितलेलं, चर्चमध्ये सांगितलेलं, मुलांना सांगितलेलं सगळं त्याला एकेक करून आठवत होतं. आता त्याची लाज तिच्याही अंगावर आली होती, आणि तिनं तर कशात काही केलेलं नव्हतं. गावात उद्यापासून काय बोलतील ते वेगळंच. कॉफीच्या टेबलावर पुढची वीस वर्षं पुरेल एवढं दिलं होतं त्यानं.

स्वयंपाकघरात तो खुर्चीवर बसला. बूट काढले. मार्डेल आतल्या खोलीत गेली, खण उघडल्याचा आवाज आला, आणि ती ते अक्षर घेऊन आली. त्याच्या घड्या पडल्या होत्या. तिनं ते टेबलावर ठेवून हातानं दाबून सरळ केलं.

"चाळीस वर्षं मी लोकांना सांगत फिरले," ती म्हणाली.

"हो."

"तू बसून ऐकायचास."

"हो."

"मला तरी सांगायचंस, अर्लिन."

अर्लिननं अक्षराची वर उठणारी कड बोटानं दाबली. मग तो म्हणाला, "तू हसली असतीस."

मार्डेलनं त्यावर विचार केला. खरंच केला, उगीच समजूत घालायला ती काही बोलली नाही.

"हसले असते," ती म्हणाली. "खूप हसले असते. आणि मग तुझे मोजे वाळत घातले असते."

तिनं हात पुढं केला. अर्लिन वाकला, भिजलेले मोजे पायांतून ओढून काढले आणि तिच्या हातात दिले.